‘खरं विमान गुळगुळीत असतं’ : रिव्हेटविरोधी युक्तिवादाची तपासणी

प्लास्टिकची स्केल विमानं बनवणाऱ्यांमध्ये एक युक्तिवाद वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि मांडणारा दर वेळी तो नुकताच सुचल्याच्या थाटात मांडतो. थोडक्यात असा : खरं विमान गुळगुळीत असतं, त्याचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी, पत्र्याशी समतल ठोकलेले असतात. स्केलमध्ये उतरवले तर ते जवळजवळ शून्य होतात. ठरावीक अंतरावरून पाहिलं तर खऱ्या विमानावरही दिसत नाहीत. शिवाय मॉडेलवर आपण काढतो ते रिव्हेट नसून नुसते खड्डे असतात. सबब हे काम म्हणजे वास्तवाच्या नावाखाली केलेली नक्षी. वर शेवटचा टोमणा : रंग दिला की सगळं बुजतंच, मग एवढी मेहनत कशाला?

यातली काही विधानं अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच हा युक्तिवाद टिकून आहे. एकेक घेऊ.

‘खरं विमान गुळगुळीत असतं.’

कुठलं विमान? समतल, म्हणजे फ्लश रिव्हेट 1930च्या दशकात रुळले, पण ते बसवणं वेळखाऊ आणि महाग. प्रत्येक भोकाला आधी शंकूसारखी खोलगट कड द्यावी लागते, तेव्हा कुठे रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसतं. त्यामुळे कारखान्यांचा प्रश्न साधा होता : कुठे फ्लश लावल्यावाचून गत्यंतर नाही आणि कुठे गोल डोक्यावर भागेल? स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या चाचण्यांमध्ये याचं उत्तर शोधण्यासाठी फ्लश रिव्हेटवर, गोल डोक्यांची नक्कल म्हणून, चक्क वाटाण्याची डाळ चिकटवली होती. सगळीकडे डाळ असताना वेग ताशी सुमारे 22 मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत कुठले रिव्हेट महागात पडतात ते पाहिलं. निष्कर्ष असा की पंखांवर फ्लशच हवेत, धडावर गोल डोकी चालतील. 1943च्या सुरुवातीपर्यंत स्पिटफायरच्या धडावर गोल डोक्याचे रिव्हेट होते, त्यानंतर तिथेही फ्लश आले. म्हणजे ज्या विमानाला आपण देखणेपणाचा मापदंड मानतो, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या धडावर हात फिरवला असता तर बोटांना उंचवटे लागले असते.

बी-17 या बॉम्बफेकी किंवा डीसी-3 या प्रवासी विमानाचे जवळून काढलेले फोटो पाहा, उभारलेली डोकी लपत नाहीत. आणि हे जुन्या काळापुरतंच आहे असंही नाही. 6 सप्टेंबर 1976 रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को मिग-25 हे लढाऊ विमान घेऊन जपानमधल्या हाकोदातेला उतरला. ते विमान तपासणाऱ्यांच्या नजरेत भरलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे बाहेर आलेली रिव्हेटची डोकी. हवेच्या विरोधाला जिथे फरक पडत नव्हता, तिथे ती गुळगुळीत करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. ध्वनीच्या अडीचपटीहून जास्त वेगाने जाणारं विमान, बरं का.

फ्लश रिव्हेट म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग, हेही पुरतं खरं नाही. पत्रा पातळ असतो, तो आतल्या सांगाड्यावर, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या रिबवर, धडातल्या कड्यांसारख्या फ्रेमवर, लांब पट्ट्यांसारख्या स्ट्रिंगरवर ताणून ठोकलेला असतो. ठोकताना रिव्हेटच्या रांगेपाशी तो किंचित दबतो आणि दोन रांगांच्या मधे किंचित फुगतो. दुपारच्या उन्हात हे जाणवत नाही, पण ऊन तिरपं आलं की गोधडीसारखी लाट उमटते. बी-52 हे बॉम्बफेकी विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या धडावर पडणाऱ्या सुरकुत्या तर प्रसिद्धच आहेत.

आता दुसरी बाजू. मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पंखाच्या पुढच्या भागावरचे सांधे आणि रिव्हेट कारखान्यात पुट्टीने भरून, घासून, वर प्रायमर आणि रंग देत असत. त्या पंखाचा आकारच असा होता की पुढचा भाग गुळगुळीत नसेल तर त्याचा फायदा मिळत नाही. मस्टँगच्या पंखावर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत रिव्हेट काढणारा मॉडेलकार चुकतो, आणि अशी मॉडेलं मी पुष्कळ पाहिली आहेत. मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचं धड लाकडी, तिथे रिव्हेटचा प्रश्नच नाही. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानात तर एकत्रच दोन तऱ्हा : नाकाकडचा भाग धातूच्या पत्र्याचा, मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. पंख सुरुवातीला कापडाचे, नंतर पत्र्याचे. मागच्या धडावर रिव्हेट काढले तर ते विमान हरिकेन राहत नाही. पण यातून निघतं ते एवढंच, की आधी विमान कसं बांधलं होतं ते पाहावं लागतं. ‘रिव्हेट नकोत’ असा नियम यातून निघत नाही.

‘स्केलचं गणित करा, काही उरत नाही.’

करू. या युक्तिवादात हटकून रिव्हेटच्या दांड्याचा व्यास घेतलेला असतो. दिसतं ते डोकं, दांडा नव्हे. विमानांत नेहमी वापरला जाणारा एक-अष्टमांश इंची रिव्हेट घ्या. दांडा 3.2 मिलिमीटर, पण फ्लश डोकं सुमारे 5.7 मिलिमीटर. 1/72मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या मापात, ते 0.08 मिलिमीटर होतं, 1/48मध्ये 0.12 आणि 1/32मध्ये 0.18. बारीक आहे, पण शून्य नाही.

हाच हिशेब मॉडेलच्या बाकीच्या भागांना लावून पाहा. 1/72च्या किटवर, म्हणजे जुळवायच्या सुट्या भागांच्या संचावर, 0.1 मिलिमीटर रुंदीची पॅनेल लाइन (दोन पत्र्यांमधल्या सांध्याची रेघ) म्हणजे उत्तम साचेकाम. खऱ्या विमानावर ती 7 मिलिमीटरची फट होईल. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असली तरी आपण किटचं कौतुक करतो. 72ने गुणा, साडेतीन सेंटिमीटर. रंगाचे सगळे थर मिळून 0.03 मिलिमीटर झाले, तर खऱ्या विमानावर दोन मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखं झालं. या सगळ्याला कुणी ‘अवास्तव’ म्हणत नाही आणि रिव्हेट तेवढे अवास्तव, हे मला पटत नाही. पॅनेल लाइन बुजवून टाका असं सांगणारा रिव्हेटविरोधक भेटला, तर त्याचं म्हणणं निदान सुसंगत मानीन.

मात्र या आक्षेपात एक खरी सूचना दडलेली आहे. सुई जोरात टोचून 0.2 मिलिमीटरचा खड्डा केला तर 1/72मध्ये तो 14 मिलिमीटरचा होतो, आणि असे हजार खड्डे भयंकर दिसतात. रिव्हेटची रांग उमटवणाऱ्या दातेरी चाकाचंही तेच. दोन दातांमधलं अंतर 0.75 मिलिमीटर असेल तर 1/32मध्ये ते 24 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या रिव्हेटमधल्या अंतराच्या जवळपास. तेच चाक 1/72वर फिरवलं तर 54 मिलिमीटर, आणि रांग विरळ, खोटी दिसते. चाक स्केल पाहून निवडायचं, दाब हलका ठेवायचा. दोष हत्याराच्या निवडीत असतो, तो रिव्हेटच्या माथी मारला जातो.

‘योग्य अंतरावरून खऱ्या विमानावरही दिसत नाहीत.’

हा मुद्दा सगळ्यांत शास्त्रीय वाटतो, म्हणून याला आकडेच देतो. 1/72चं मॉडेल 30 सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान 21.6 मीटरवरून पाहणं. निरोगी डोळा साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखतो. 21.6 मीटरवर तो 6.3 मिलिमीटर भरतो. 5.7 मिलिमीटरचं डोकं त्याच्या अगदी काठावर आहे. 1/48ला अंतर 14.4 मीटर, मर्यादा 4.2 मिलिमीटर, म्हणजे डोकं मर्यादेच्या वर. 1/32ला मर्यादा 2.8 मिलिमीटर, तिथे वादच नाही. 1/144ला मात्र मर्यादा साडेबारा मिलिमीटरवर जाते. तिथे आक्षेप बरोबर आहे आणि मीही त्या स्केलला रिव्हेट काढत नाही.

शिवाय डोळा एकेकटा ठिपका शोधत बसत नाही. ठिपके रांगेत आले की ती रेघ होते, आणि रेघ ओळखायला डोळा फार तरबेज आहे. आकाशासमोरची तार आपल्याला त्या मर्यादेपेक्षा कितीतरी बारीक असूनही दिसते. धावपट्टीच्या कडेने विमान पाहताना रिव्हेट मोजता येत नाहीत, पण पंखावरच्या समांतर रेघा कळतात, कारण प्रत्येक रांगेपाशी पत्रा वळलेला असतो आणि प्रकाश तिथे तुटतो. आपल्याला दिसतो तो पत्र्याखालचा सांगाडा.

आणि मॉडेल 30 सेंटिमीटरवरूनच पाहतो कोण? हातात घेतलं की लोक नाकाला लावतात.

‘तुम्ही काढता ते खड्डे आहेत, रिव्हेट नाहीत.’

अर्धं मान्य. फ्लश रिव्हेट म्हणजे पत्र्यातलं एक बारीक वर्तुळ. सुईचा खड्डा ही त्याची खूण आहे, प्रतिकृती नव्हे. 1/32 किंवा त्याहून मोठ्या स्केलला पोकळ टोकाचं बीडिंग टूल घेऊन खरंखुरं वर्तुळ उमटवता येतं. लहान स्केलला ते वर्तुळ ठिपकाच दिसतं, त्यामुळे खड्डा चालतो. गोल डोक्याच्या जागी मात्र खड्डा काढणं ही सरळ चूक आहे. तिथे डेकलसारख्या (भिजवून चिकटवायच्या चित्रासारख्या) फिल्मवर बसवलेले रेझिनचे बारीक ठिपके मिळतात, ते लावावेत. ज्या जुन्या किटांच्या उभारलेल्या रिव्हेटची इतकी थट्टा होते, त्यांची दिशा काही विमानांच्या बाबतीत बरोबरच होती, फक्त आकार भलताच मोठा.

पण खड्डा की उंचवटा या वादात मुख्य गोष्ट बाजूला पडते. रांगा कुठे जातात? स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, दुहेरी रांग, रिबवर बहुधा एकेरी, धडावर फ्रेमच्या आडव्या कड्या आणि स्ट्रिंगरच्या लांब रेघा. पुष्कळजण पॅनेल लाइनच्या दोन्ही बाजूंना रिव्हेट काढून थांबतात, किंवा चौकटीच्या वहीसारखी जाळी सगळीकडे पसरतात, अगदी कापडी रडरवरसुद्धा. मग पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि तो म्हणतो, रिव्हेटच वाईट. या रांगा दाखवणारी रेखाचित्रं एकमेकांशी जुळत नाहीत असा अनुभव येतो, अशा वेळी त्याच आवृत्तीचा फोटो खरा मानावा. एक रांग जरा कमी असली तरी चालते, वाकडी झालेली चालत नाही. त्यासाठी कडक चिकटपट्टीचा आधार लावल्याशिवाय चाक फिरवू नये.

‘रंगाखाली सगळं बुजतं.’

बुजतं, जाड रंग दिला तर. चाकाने प्रत्येक खड्ड्याभोवती प्लास्टिकची किंचित कड वर येते. ती बारीक सँडपेपरने उतरवली नाही तर खड्डे भरतात आणि कडा तेवढ्या राहतात, मग उठून दिसतं ते भलतंच. कड उतरवावी, भुकटी ब्रशने झाडावी, प्रायमर आणि रंग पातळ करून एअरब्रशने द्यावेत.

यापुढची चूक वॉशची, म्हणजे खाचांत साचू दिलेल्या पातळ गडद रंगाची. काळा वॉश सगळ्या रिव्हेटमध्ये भरला की विमानाला पुरळ आल्यासारखं दिसतं, आणि वरच्या युक्तिवादाला आयता पुरावा मिळतो. मूळ रंगापेक्षा एखादी छटा गडद वॉश पुरतो, पोटाकडे तर बहुतेक ठिकाणी तोही नको. गडद ठेवावेत ते इंजिनाच्या झाकणांचे स्क्रू, जे मेकॅनिक पुन्हा पुन्हा उघडतो, आणि सैल झालेले मोजके रिव्हेट. खऱ्या विमानावर सैल रिव्हेट हलत राहतो, झिजलेल्या ॲल्युमिनियमची काळपट पूड बाहेर येते आणि वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. पंखावर अशा दोन-तीन रेघा ओढल्या तर पुरे, चौथी ओढू नये.