कुलकुलं आणि कंगवा

आधारगृहातल्या नाताळावरचा लेख वाचून मुंबईतल्या अशाच एका गृहातली दुपार आठवली. तस्करीतून सोडवलेल्या मुली, बंगालच्या, नेपाळच्या. आम्ही वसईकर बायका कुलकुलं, म्हणजे नाताळातला तळलेला गोड फराळ, करायला गेलो होतो. नक्षी उठवायला जेवणाचे काटे कमी पडले, तर एकीने नवाकोरा कंगवा आणला आणि त्यावर पिठाची गोळी दाबून अशी सुबक नक्षी उठवली की आम्ही बघतच राहिलो! पण १९५६ च्या पिटा, म्हणजे देहव्यापारासाठीची तस्करी रोखणाऱ्या, कायद्याखाली दंडाधिकारी प्रौढ बाईलाही १ ते ३ वर्षं अशा गृहात ठेवू शकतात. सण कितीही गोड झाला तरी फाटकाला कुलूप असतंच, ते लेखात यायला हवं होतं. आणि पाहुण्यांनो, केकसोबत त्यांचे फोटो काढू नका हो. आमच्यातल्याच एकीला मोबाइल पर्समध्ये टाकायला लावला, तर बाई संध्याकाळपर्यंत फुगून बसल्या.