ओढा सातबाऱ्यात असला म्हणून तो तुमचा होत नाही

रविवारी सकाळी मामांचा फोन. "अरं, कायदा बदललाय की. तुला मेसेज टाकलाय बघ. आता कुणाला इचारायचं काम नाही, मंगळवारी जेसीबी सांगितलाय." तो मेसेज मी आधी तीन ग्रुपवर बघितला होता, एकदा तर दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि सोडून दिला होता, कोण भांडत बसणार. पण मामांचं शेत पंचगंगेच्या बाजूला, शेतातून ओढा जातो, आणि जेसीबी कशाला तर तो ओढा बुजवून तिथं पोराच्या घराचं जोतं काढायला. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, निदान पुढच्या वेळी लिंक फेकता येईल.

मेसेज ज्यांना आला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात: एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी, बंद झालंय, शेतात काहीही बांधा. ३२०० चौरस फुटांपर्यंत कुणाची परवानगी नको. झोन वगैरे शहराचं असतं, खेड्याला लागू नाही. गावठाणापासून २०० मीटरमध्ये सगळं फ्री. सातबाऱ्यात ओढा-नाला असेल तर तो मालकाचा, बिनधास्त बुजवा. आणि हे नियम इंग्रजांनी लुटायला आणले, आज साहेब लोक पैसे खायला वापरतात. खाली हात जोडलेले पाच इमोजी आणि 'प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा'.

सुरुवात एनएपासून. यात अर्धं खरं आहे हे मान्य करतो. शेतजमीन बिगरशेती करून घ्यायची कटकट सरकारने गेल्या काही वर्षांत बरीच कमी केली, आणि चांगलंच केलं. पण एनए आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! एनए हा महसूलचा विषय, जमिनीचा वापर बदलला की सारा बदलतो, एवढंच त्याचं मूळ. बांधकाम परवानगी बघते की घर कुठे, किती, रस्त्यापासून किती लांब, पाण्याच्या वाटेत आहे का. पहिली पायरी काढली म्हणून दुसरी गेली असं होत नाही. ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२ आहे तिथंच आहे, पंचायतीच्या हद्दीत परवानगीशिवाय बांधकाम नको असं ते सांगतं, आणि १९६६चा नगररचना कायदाही कुठं गेलेला नाही.

३२०० चौरस फुटांचं तर मेसेजवाल्याने निम्मं वाक्य वाचून निम्मं गिळलंय. डिसेंबर २०२०मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात, आणि ग्रामीण भागातल्या छोट्या घरांना त्यात खरंच सूट आहे. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फूट, परवानगीसाठी थांबायचं नाही. पण मालकीचे कागद, नकाशा, आणि लायसनवाल्या आर्किटेक्टचा किंवा इंजिनिअरचा 'नकाशा नियमात बसतो' असा दाखला पंचायतीत जमा करायचा आणि फी भरायची. तिथून पुढे ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे मेसेजमधले ते ३२०० फूट, पंचायत तपासून दहा दिवसांत बांधकाम सुरू करायचा दाखला देते. सूट कसली, तर तालुक्या-जिल्ह्याला नगररचनाच्या ऑफिसात चपला झिजवायची. नियम पाळायची नव्हे. तो इंजिनिअर सही करताना ओढा बघणारच की, नाही बघितला तर त्याचं लायसन जाईल.

आता ओढा. बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं, पण हा मुद्दा ज्याने लिहिलाय त्याला एकदा जुलैमध्ये आमच्या शिवारात उभा करायला पाहिजे.

आधी कागद. सातबाऱ्यावर पोटखराब 'अ' आणि पोटखराब 'ब' असे दोन प्रकार असतात. 'अ' म्हणजे पिकाला नालायक, खडकाळ वगैरे. 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेलं, त्यात रस्ता, पायवाट, ओढा-नाला, पिण्याच्या पाण्याचं तळं, स्मशान असलं येतं. मामांचा सातबारा मी मागवून बघितला, ओढ्याचे चार गुंठे 'ब'मध्येच आहेत. म्हणजे गट त्यांचा, पण ती पट्टी बुजवायचा हक्क त्यांचा नाही. शिवाय जमीन महसूल संहितेचं कलम २० सांगतं की नद्या, ओढे, नाले यांचं पात्र, कुणाची खाजगी मालकी सिद्ध नसेल तर, सरकारचं. तालुक्याला मोजणीचा नकाशा मिळतो, त्यात ओढा आखलेला असतो, तो व्हॉट्सॲपने पुसला जात नाही.

पण कागद बाजूला ठेवा, पाणी बघा. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथं धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ला आणि परत २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लोकांना वाटतं पूर म्हणजे नदी काठ ओलांडून समोरून येते. आमच्याकडे ती आधी ओढ्यातून येते. नदी चढली की फुगवट्याचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं, गुपचूप, रात्रीत, आणि सकाळी उठून बघावं तर नदी लांब आणि ऊस पाण्यात. आणि उतरतानाही ते ओढ्यानंच उतरतं. ती वाट बंद केली तर वरच्या शिवाराचं पाणी जाणार कुठं? आमच्याच भावकीत एकाने काही वर्षांमागं ओढ्यात मुरूम टाकून गोठा बांधला, कुणी काही बोललं नाही, आपलाच माणूस. २०१९ला बाकीच्या शिवारातलं पाणी गेलं आणि त्या गोठ्याच्या वरच्या अंगाला मात्र पुढं कितीतरी दिवस तसंच उभं, आडसाली ऊस सुरळीतून कुजला, वास यायचा. आणि गंमत म्हणजे गोठाही गेलाच. त्यावरून झालेलं भांडण अजून लग्नकार्यात दिसतं, पंगतीत दोन घरं समोरासमोर बसत नाहीत.

पाटबंधारेवाले पूररेषा आखतात त्यात निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे घर नको, निळी-लालच्या मधे अटींवर, असा हिशोब. आता १०० वर्षांतला म्हणवणारा पूर दोन वर्षांत दोनदा दारात येतो तेव्हा ती रेषाच तोकडी पडतेय की काय अशी शंका येते. भांडायचं तर त्यावर भांडा ना, रेषा नव्याने आखा म्हणा. मेसेज म्हणतो रेषाच नको!

'झोन शहराचा असतो' याला फार वेळ देत नाही. प्रादेशिक योजना म्हणजे काय ते बघा, अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा असतो, शेती झोन, रहिवासी झोन, सगळं त्यात आहे. कोल्हापूरभोवतीच्या ४२ गावांना तर २०१७पासून वेगळं प्राधिकरणच आहे. ते लोकांना नको होतं, मोर्चेही निघाले, त्यांची तक्रार मला पटते, पण आवडत नाही आणि लागू नाही यात फरक आहे. आणि खरं सांगायचं तर नियमाची गरज शहरापेक्षा खेड्याला जास्त, कारण आपल्याकडं पिण्याची विहीर, गोठा, गुऱ्हाळ, वीटभट्टी, शाळा सगळं हाकेच्या अंतरावर. केंद्राच्या २०२२च्या नियमात वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर लांब पाहिजे असं आहे. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हा राज्याचा कायदा. हे नसतं तर ज्याची बोअर खोल त्याचं पाणी आणि वारा ज्याच्याकडं त्याच्या नशिबी धूर. घर रस्त्यापासून मागं घ्या म्हणतात ते पण कुणाच्या हौसेनं नाही, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर अडकला की मागं ॲम्ब्युलन्स उभी राहते, हे आमच्या गल्लीनं बघितलंय.

२०० मीटरचं कलम आलं ते जमीन महसूल संहितेत, ४२ ड. गावठाणाला लागून असलेल्या जमिनीला वेगळी एनए परवानगी मागत बसायला लागू नये म्हणून. पैसे भरावे लागतात आणि बांधकामाचे नियम लागूच राहतात. फ्री काही नाही.

इंग्रजांबद्दल बोलायचं तर हो, बिगरशेतीचा सारा त्यांच्याकडूनच आला, १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तो आहे, आणि त्यांना तिजोरीशी मतलब होता. पण वरच्या रानातलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या रानात जाऊ द्यायला लागतं, अडवता येत नाही, हे सांगणारा १८८२चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदापण इंग्रजांचाच. तोही फेकून द्यायचा का? मग वरच्या शेतकऱ्याने कुणाकडं जायचं? पैसे खाण्याचं मी नाकारत नाही, एका दाखल्यासाठी मी स्वतः चार चकरा मारल्यात आणि पाचव्या चकरेला काय झालं ते इथं लिहीत नाही. पण खाणाऱ्याला पकडा. नियम गेला तर खाणारा उपाशी राहील असं वाटत असेल तर तुम्हाला तो माणूस माहीतच नाही, तो उद्या ओढा बुजवू देण्याचे पैसे घेईल.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं, पाऊण तास. ते ऐकत होते, मग म्हणाले, "ते झालं रं, पण पोरानं घर बांधायचं कुठं?" प्रश्न बरोबर आहे आणि त्या फॉरवर्डमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. रस्त्याच्या अंगाला त्यांचा एक उंचवटा आहे, २०२१ला पाणी तिथपर्यंत आलं नव्हतं, जागा बारकी आहे पण दीडशे चौरस मीटरचं घर बसतंय असं मापं घेऊन इंजिनिअरने सांगितलं. मामींना ती जागा आवडली नाही, रस्त्याची धूळ येते म्हणे, त्यावर अजून बोलणं चालू आहे. जेसीबीवाला ॲडव्हान्स परत देत नाही म्हणाला, म्हणून पंचायतीत सांगून त्याच्याकडनं ओढ्यातला गाळ आणि घाणेरीची झुडपं काढून घ्यायचं ठरलंय.