पेठेत डिप्रेशन येत नाही म्हणे!

"डिप्रेशन हा फ्लॅटवाल्यांचा आजार. आमच्या पेठेत कट्टा आहे, तालीम आहे, गंगावेशीत धारोष्ण दूध आहे. मन खंबीर पाहिजे, गल्ली कशी का असेना!" असा मजकूर सध्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर फिरतोय आणि खाली 'नाद खुळा'चा पाऊस पडतोय.

आधी त्यातलीच विसंगती. कट्ट्यानं मन सावरतं म्हणायचं आणि लगेच गल्लीचा मनाशी संबंध नाही म्हणायचं, हे कसं? कट्टा मन सावरत असेल तर दारातला तुंबलेला नाला ते बिघडवूही शकतो.

'पेठेत कुणी एकटं नसतं.' निम्मं खरं. पूर असो की मयत, तालमीची पोरं हाकेसरशी धावतात, आणि अशा शेजाराचा मनाला आधार होतोच. पण संध्याकाळी कट्ट्यावर कोण बसलेलं असतं ते बघा. घरातल्या सुना दिसतात का? शिवाय जिथं प्रत्येक घराला दुसऱ्या घराची खबर, तिथं मानसोपचारतज्ज्ञाकडं निघालेला माणूस "कुठं निघालास?" या प्रश्नाला खोटंच उत्तर देतो. डिप्रेशन पेठेतही आहे, ते बोलून दाखवायची सोय नाही.

'मन खंबीर असलं की झालं.' हे पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यात जुलै महिन्यात जाऊन सांगा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा महापूर. आता पाणी पस्तिशीला आलं की घरातली बाई कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधते, फ्रीजखाली विटा सरकवते, रात्रीत उठून मोबाइलवर फूट-इंच बघत बसते. ती भित्री नाही. पूर ओसरल्यावरही चिंता, नैराश्य, झोपमोड महिनोन्महिने टिकते, हे जगभरच्या पूरग्रस्तांमध्ये दिसलं आहे. उंचावरच्या उपनगरात राहणाऱ्याची ही परीक्षा कधी होतच नाही. खंबीरपणाचे सल्ले बहुतेक तिकडूनच येतात.

आवाजाचंही तेच. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं थरथरतात तेव्हा ती कुठं असते, हे विचारायचं नाही.

'वस्ती बदलली तरी माणूस तोच.' अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत गरीब कुटुंबांना सोडतीनं बऱ्या वस्तीत जायची संधी दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी बघितलं तर मोठ्यांच्या कमाईत फारसा फरक नव्हता, पण त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं होतं. किशोरवयीन मुलींनाही फायदा झाला, मुलग्यांना मात्र नाही. म्हणजे घर हलवणं हा रामबाण उपाय नव्हे, आणि पेठ सोडा असं माझं म्हणणंही नाही.

पेठेतच काय करता येईल, याचं उत्तर फिलाडेल्फियात सापडतं. तिथं 541 पडीक जागा निवडून चिठ्ठ्या टाकाव्या तशा गटांत वाटल्या. काहींवर कचरा काढून गवत, थोडी झाडं लावली. 2018 च्या निष्कर्षांनुसार काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत तिथल्या रहिवाशांचं उदास वाटणं सुमारे 41 टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचललेल्या जागांपाशी मात्र असा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा ढीग हलवून फोटो काढणाऱ्या नगरसेवकांनी पुढच्या वेळी रोपंही घेऊन यावं.