पस सेल्स सापडले, पण कारण सापडले का?

‘घरातले वडीलधारे अचानक असंबद्ध बोलू लागले तर समजा, लघवीत इन्फेक्शन आहे. लघवी तपासा, पस सेल्स दिसले की अँटिबायोटिकचा कोर्स करा. रोज चार लिटर पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा द्या, पुन्हा त्रास होणार नाही.’ अशा आशयाचा फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. उतारवयात गंभीर संसर्ग झाला तर माणूस बरळू शकतो, आणि ताप दर वेळी येतोच असे नाही. पुढचे मात्र एकेक करून तपासायला हवे.

गोंधळ म्हणजे लघवीचे इन्फेक्शन? अचानक आलेल्या अशा गोंधळाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. बीपीच्या काही गोळ्यांनी घसरलेले रक्तातले सोडियम, कमी झालेली साखर, न्यूमोनिया, पक्षाघात, चार दिवस साफ न झालेले पोट, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, किंवा मोरीत पडल्यावर डोक्याला लागलेला आणि कुणाला न सांगितलेला मार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

पस सेल्स दिसले की अँटिबायोटिक? खरे नुकसान इथे होते. पस सेल्स म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, पण जंतू म्हणजे आजार नव्हे. म्हातारपणी मूत्राशयात जंतू असूनही काहीच त्रास नसणे अगदी नेहमीचे आहे. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण २५ ते ५० टक्के सापडते. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) महिनाभर राहिला तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू येतात. त्यामुळे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येणारच, आणि तो आला की घरच्यांचा शोध थांबतो. सोडियम तिकडे घसरतच राहते. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात: वृद्धाला गोंधळ आहे, लघवीत जंतूही आहेत, पण लघवीची लक्षणे किंवा ताप, घसरलेला रक्तदाब असे काही नाही, तर आधी इतर कारणे शोधा आणि लक्ष ठेवा. गंमत म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गटातील औषधांनी वृद्धांना स्वतंत्रपणे भ्रम होऊ शकतो.

मग संशय कधी घ्यायचा? नव्याने उन्हाळी लागली (लघवीला जळजळ), सारखी घाई होऊ लागली, ओटीपोट दुखू लागले, लघवीत रक्त दिसले तर. नुसता वास किंवा गढूळपणा पुरेसा नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या, लघवी बंद होणे यांपैकी काही असेल, किंवा अचानक गोंधळ सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या गोळीआधी कल्चरसाठी (जंतू कोणता ते पाहणाऱ्या तपासणीसाठी) लघवीचा नमुना द्या, आणि तो कॅथेटरच्या पिशवीतला नको.

चार लिटर पाणी? हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्याला ते घातक ठरू शकते. २०१८च्या एका चाचणीत दीड लिटर जादा पाण्याने वारंवार होणारा संसर्ग निम्म्यावर आला खरा, पण त्या १४० स्त्रिया पाळी न गेलेल्या होत्या. आपल्याकडच्या आजी पाणी कमी पितात ते बहुधा गुडघे दुखतात, संडास लांब आहे आणि रात्री उठायची भीती वाटते म्हणून. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, पाणी दिवसा वाढवा, पण किती ते डॉक्टरांना विचारून.

सोड्याबद्दल एवढेच: जळजळ कदाचित शमेल, जंतू मरत नाहीत, आणि बीपीवाल्याच्या अंगात सोडियम जाते.

जे खरोखर उपयोगी, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होते, योनीतले उपकारक जीवाणू घटतात आणि संसर्ग वारंवार होऊ लागतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम तो कमी करते. पण आई हे मुलाला सांगत नाही, सुनेलाही सांगताना संकोचते. पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवी पूर्ण होत नाही का, ते सोनोग्राफीत दिसते. आणि कॅथेटर असेल तर दर भेटीत विचारा, ‘आता काढता येईल का?’