कानात इतिहासाचा फाया

महागडं परफ्यूम घ्यायला निघालात? छान. नाक घरीच ठेवा. मॉलमधल्या त्या चकचकीत दुकानात त्याचं काही काम नसतं. कान मात्र स्वच्छ करून न्या, कारण तिथे वासाआधी इतिहास विकला जातो आणि तो उभ्याउभ्याच ऐकावा लागतो.

मनगट आपणहून पुढे करायची गरज नाही. ते पकडलं जाईल, त्यावर फवारलं जाईल आणि वर "चोळू नका सर" अशी तंबीही मिळेल. निमूटपणे घ्या.

इसवी सन ऐकला की मान डोलवायची, हे महत्त्वाचं. गेल्या रविवारी भाचीच्या साखरपुड्यासाठी काहीतरी बरं घ्यावं म्हणून मी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये शिरलो. (पार्किंगबद्दल बोलत नाही. तुम्हीही इथेच राहता.) काळ्या शर्टातल्या मुलाने थेट गेर्लें या फ्रेंच अत्तरवाल्या घराण्यालाच हात घातला. 1828 साली पॅरिसमध्ये पिएर-फ्रांस्वा-पास्काल गेर्लेंनी दुकान काढलं. 1853 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या बायकोसाठी, सम्राज्ञी युजेनीसाठी, कोलोन बनवलं. साम्राज्याचं चिन्ह मधमाशी, म्हणून बाटलीभर मधमाश्या उठवल्या आणि दरबारी अत्तरवाला हा किताब मिळवला. इथवर सगळं खरं आहे. पोराचं पाठांतर चांगलं होतं.

मग तो त्यांच्या 'शालिमार' परफ्यूमवरून शहाजहानवर आला.

अशा वेळी शाळेत शिकलेला इतिहास विसरायचा असतो. "सर, शहाजहान मुमताजको लेके जिस शालिमार बाग में घूमता था ना, लाहोरवाली, ये वही खुशबू है. चारसौ साल पुराना फॉर्म्युला." मी म्हटलं, अरे बाबा, लाहोरच्या शालिमार बागेचं काम सुरू झालं 1641 मध्ये. मुमताज त्याच्या दहा वर्षं आधी, 1631 मध्ये, चौदाव्या बाळंतपणात वारली, आणि तीही बऱ्हाणपूरला. आपल्या भुसावळच्या पुढे लागतं ते. तिला घेऊन तो लाहोरच्या त्या बागेत फिरणार कसा? श्रीनगरच्या शालिमारचं म्हणशील, तर ती जहांगीरच्या काळातली. आणि चारशे वर्षांचा फॉर्म्युला? शालिमार नावाचं परफ्यूम जॅक गेर्लेंने केलं आणि ते बाजारात आलं 1925 मध्ये! त्यातली ती ओळखीची गोड ऊब एथिल व्हॅनिलिनची, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या रसायनाची, आहे. एथिल व्हॅनिलिन कुठल्या मुघल बागेत उगवत नाही, कारखान्यात तयार होतं. पोरगा हसला. म्हणाला, "सर, आप तो हिस्टरी के आदमी हो." आणि दुसऱ्या मनगटावर फवारलं.

चीड कशाची येते सांगू? खरा इतिहास या थापेपेक्षा कितीतरी भारी आहे. विल्यम पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1868 मध्ये प्रयोगशाळेत कुमरिन बनवलं, ताज्या कापलेल्या गवताच्या वासाचं. पुढे 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन बनवलं. हे दोन्ही वापरून एमे गेर्लेंने 1889 मध्ये, म्हणजे आयफेल टॉवर उभा राहिला त्या वर्षी, 'जिकी' हे परफ्यूम काढलं. फुलांच्या अर्कात कारखान्यातलं रसायन मिसळायचं आणि त्यातून निसर्गात नसलेला वास उभा करायचा, याला धाडस लागतं. आज आपण ज्याला परफ्यूम म्हणतो, ते घडवण्यात या धाडसाचा मोठा हात आहे. हे कोणी मला सांगितलं असतं तर पाय दुखेपर्यंत उभा राहिलो असतो. पण रसायन म्हटलं की गिऱ्हाईक पळतं आणि मुमताज म्हटली की पाकीट उघडतं, असा त्यांचा हिशेब.

"सध्या मालक कोण?" हे विचारू नये. (1994 पासून एलव्हीएमएच, चैनीच्या वस्तूंची बडी फ्रेंच कंपनी.)

"मुख्य अत्तरकार घरातलाच का?" हेही नको. (2008 मध्ये ते पद थिएरी वासेरकडे गेलं. तो गेर्लें नव्हे.)

किंमत ऐकून खोकला आला तर धीर धरा, कारण आता खरा माल बाहेर येतो. एवढी सगळी वंशावळ ऐकवून झाल्यावर त्या मुलाने काउंटरखालून एक वेगळंच खोकं काढलं. भलत्याच कंपनीचं. वर सोनेरी मुकुट, खाली 'सिन्स' आणि एक जुनं साल. "इन्स्पायर्ड है सर. सेम नोट्स. एक तिहाई में." म्हणजे पोवाडा एकाचा आणि बारसं दुसऱ्याचंच! मागे बिलाची रांग, बायकोचा तिसरा फोन, भाचीसाठी दुसरं काही सुचत नव्हतं. घेतलं.

घरी उघडलं. पहिल्या फवाऱ्याला लिंबाच्या जागी आंबूस, जुनाट तेलासारखा वास. खोक्यामागे दुकानाचं किंमतीचं चिकटपत्र होतं, त्याचा कोपरा उचललेला. नखाने खरवडलं तर खाली आणखी एक कागद, त्याच्याखाली आयातदाराचं मूळ लेबल. त्यावर पत्ता होता, छापील किंमत होती आणि आयातीची तारीख होती, बरीच जुनी. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर उत्तर तयार: "सील ओपन आहे सर. पॉलिसी."

त्यामुळे पुढचा सल्ला असा की वास सील न उघडता घ्यायला शिका. योगासारखं आहे, सरावाने जमतं.

नाही, बास झालं. उपरोधाने लिहायचं ठरवलं होतं, पण आता डोकं फिरलंय. दुकानदार, आयातीची तारीख झाकणं याला लबाडी म्हणतात, त्याला पॉलिसी म्हणू नका. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असायलाच हवी, असा वैधमापनशास्त्राचा, म्हणजे वजनमापांच्या सरकारी कायद्याचा, नियम आहे. त्यावर कागद डकवून तुम्ही जुना माल नव्याच्या भावात खपवता आणि वर त्या कोवळ्या पोरांना मुमताज पाठ करायला लावता. तुमच्यापेक्षा स्टेशनजवळचा अत्तरवाला बरा. तो फाया करून देतो, वाळा की हिना ते सांगतो, नाही आवडला तर कुपी परत ठेवतो. त्याच्या दुकानावर मुकुट नाही.

आणि तुम्ही, हे वाचून "अगदी अगदी" म्हणणारे! दुधाच्या पिशवीवरची तारीख उन्हात धरून वाचता ना? मग हजारो रुपयांच्या बाटलीसमोर तोंड शिवून का बसता? इंग्रजी बोलला म्हणून? एसी होता म्हणून? घेतलेल्या मालात खोट निघाली तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फिरवा. मी फिरवलाय, तक्रार नोंदवलीय. आणि पुढच्या वेळी चिकटपत्र दुकानातच खरवडा, बिल करायच्या आधी, तो समोर उभा असताना.