मे महिन्याची सुट्टी नोव्हेंबरात ठरते

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात, पेपर तपासणीची बिलं आणि नॅकची फाइल. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांची पुढची उन्हाळी सुट्टी कुठे जाणार, हेही याच आठवड्यांत ठरत असतं. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एप्रिलमध्ये, प्रॅक्टिकल परीक्षा आटोपल्या की, चार-पाच मुलं हमखास विचारतात, "सर, सुट्टीत कुठे रिसर्च प्रोजेक्ट करता येईल का?" तोवर सगळी दारं बंद झालेली असतात. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. त्यात मुलाला देशातल्या एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये दोन महिने काम करायला मिळतं. तिचे अर्ज थंडी सुरू होताहोताच संपतात. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्यातली आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि तिच्या शेजारची एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) यांच्या उन्हाळी कार्यक्रमांचे अर्जही हिवाळ्यातच भरायचे असतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम तर खास पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे, म्हणजे एमएस्सी होईपर्यंत थांबायची गरजच नाही. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा माझ्या पोस्टवर विसंबू नका, त्या-त्या संस्थेची वेबसाइट आजच उघडून बघा.

आता माझं म्हणणं. "ग्रामीण भागातल्या मुलांची तेवढी कुवत नसते" हे वाक्य मी सेमिनारच्या चहाच्या वेळी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, फक्त विचारतो, "तुमच्या कॉलेजातून किती जणांनी अर्ज केला होता?" उत्तर बहुतेक वेळा शून्य असतं. अर्जच न भरलेल्या पोरांना नापास कोणी केलं? बातमी पोचवणं हे कुणाचंच काम नाही, हा खरा घोळ आहे. संस्था म्हणते, आम्ही वेबसाइटवर टाकलं. कॉलेज म्हणतं, आमच्याकडे पत्र आलं नाही. पत्र आलंच तर ते प्राचार्यांच्या केबिनमधून आवक-जावक रजिस्टरमध्ये जातं आणि तिथेच राहतं.

बातमी पोचली तरी पुढे अडथळे आहेतच. मागे एसवायची एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. फॉर्म सगळा भरलेला होता, अडली होती शिफारसपत्रावर. रकाना होता शिक्षकाच्या ऑफिशियल ईमेलचा, आणि आमच्या कॉलेजात निम्म्या स्टाफला तो नाही, सगळा कारभार जीमेलवर. शेवटी ऑफिसात जाऊन, क्लार्कच्या मागे लागून, तिच्यासमोरच ईमेल चालू करून घेतला. हे ज्यांनी फॉर्म तयार केला त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. त्यांच्या आवारात प्रत्येकाकडे असा ईमेल असतो.

शिफारसपत्राबद्दल माझ्या सहकाऱ्यांनाही एक सांगायचंय. "तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपली पद्धत बंद करूया. मुलं मग इंटरनेटवरून चार गुळगुळीत वाक्यं उचलतात. "ही मुलगी मेहनती व प्रामाणिक आहे" यातून निवड करणाऱ्याला काय कळणार? त्यापेक्षा लिहा, की स्पेक्ट्रोमीटरचं रीडिंग जुळेना तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीतही डार्करूममधून हलली नाही, आणि प्रिझम टेबल लेव्हल नसल्याचं तिनेच शोधून काढलं. दहा मिनिटांचं काम आहे. मुलांनाही तेच सांगतो. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" हे वाक्य खोडा आणि तुम्हाला खरोखर कुठला प्रश्न छळतो ते लिहा.

विद्यापीठांवर तर बोलावं तेवढं थोडं. उन्हाळी कार्यक्रम मेमध्ये सुरू होतात आणि आमच्याकडे सेमिस्टरचे पेपर मे संपत आला तरी चालूच. निवड होऊनही पेपरपायी जागा सोडावी लागलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि मुलींच्या बाबतीत घरच्यांना समजावणं हे वेगळंच प्रकरण. तिथे माझ्या शब्दापेक्षा आधी जाऊन आलेल्या मुलीचा आईशी झालेला एक फोन जास्त कामाला येतो.

हे सगळं लांबच्या जगातलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी नारायणगावला यावं. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या एवढीच आपल्याला त्या गावाची ओळख. तिथून थोडं आत खोडदला, ऊस-कांद्याच्या शेतांच्या शेजारी, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी दोरखंड आणि जाळीची हलकी रचना वापरून कमी खर्चात हे उभं केलं. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून प्रस्ताव पाठवतात. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांच्या, मंद गुणगुणण्याचे पुरावे २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यात याच अँटेनांनी टिपलेल्या पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) नोंदींचाही वाटा होता. आणि या अँटेना बघत वाढलेल्या कितीतरी मुलांना, ही दुर्बीण चालवणारी एनसीआरए विद्यार्थी घेते, हे ठाऊक नाही!

मराठवाड्यातल्या मित्रांनी तर आत्ताच कान टवकारायला हवेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्र सरकारची २०२३ ची मंजुरी, २,६०० कोटींचा खर्च. तिथे लेझर, व्हॅक्यूम, कंट्रोल सिस्टिम, डेटा अशी कामं वर्षानुवर्षं लागणार आहेत. ती माणसं हिंगोली-परभणी-नांदेडच्या कॉलेजांतून का येऊ नयेत? पण त्यासाठी आज एफवायला असलेल्या पोराला याच दोन-तीन उन्हाळ्यांत कुठल्यातरी लॅबमध्ये हात काळे करायला मिळाले पाहिजेत. प्रकल्प पूर्ण झाल्यावर "स्थानिकांना प्राधान्य द्या" म्हणून मोर्चा काढाल तर गेटवर वॉचमनच्या जागा तेवढ्या मिळतील. कडू वाटेल, पण तसंच आहे.

संस्थांकडून माझी मागणी फार मोठी नाही. एक पानाची मराठी सूचना काढा, जिल्ह्यातल्या प्रत्येक सायन्स कॉलेजच्या विभागप्रमुखाला व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि गावाहून येणाऱ्याला प्रवासाचे पैसे आधी द्या. स्टायपेंड महिन्याअखेर मिळेल हो, पण तोवर रेल्वेचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची मेस कशातून भागवायची?

अकादम्यांच्या त्या फेलोशिपला शिक्षकही अर्ज करू शकतात, हे फारच थोड्यांना माहीत आहे. यंदा मी भरतोय. सोबत कोणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, एकमेकांचे अर्ज वाचून घेऊ. आमच्या कॉलेजातल्या मुलांनी या आठवड्यात रोज एक ते दोन फिजिक्स लॅबमध्ये यावं, मी तिथेच असतो. मार्कशीटचे फोटो नकोत, स्कॅन करून आणा.

आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला विज्ञान प्रदर्शन असतं. शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रकल्प मांडतात आणि एरवी लांबूनच दिसणाऱ्या अँटेनापाशी जाता येतं. पुण्या-नाशिकहून एसटीने येणाऱ्यांनी नारायणगावला उतरायचं. अँटेनाजवळ मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ते ऐका. तुमच्या फोनचा सिग्नल आकाशातून येणाऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. सेल्फी बसस्टँडवर काढा.