कापडी लंगोट चांगलाच, पण त्या संदेशात सांगितलाय तसा नाही

लघवीवर ताबा न राहिलेल्या मोठ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: ‘बाजारातले डायपर म्हणजे विष आहे. त्यातली जेल कातडीतून रक्तात जाते. कापड वापरा, पुरळ कधीच उठणार नाही. जुन्या काळी सगळे कापडच वापरत. कापडाने पर्यावरण वाचतं आणि खर्च शून्यावर येतो. डायपरने मूत्राशय आळशी होतो, म्हणून पेशंटला पाणी कमी द्या आणि डायपर आजच फेकून द्या.’

मी कापडाच्या विरोधात नाही. माझ्या आईसाठी आमच्या घरात धुऊन वापरायच्या चड्ड्या आणि अंडरपॅड (अंथरुणावर घालायचे ओल शोषणारे पॅड) रोज वापरात आहेत. म्हणूनच हा संदेश पाहिला की राग येतो. तो वाचून एखादं घर एका दिवसात सगळं बदलतं, मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जांघा सोलवटतात आणि शेवटी नाव कापडाचं खराब होतं. यातला एकेक दावा तपासून पाहायला हवा.

‘जेल विषारी असते, ती रक्तात जाते’

डायपरमधल्या त्या पांढऱ्या पावडरीचं नाव सोडियम पॉलिॲक्रिलेट. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना जोडून ती बनवलेली असते, त्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही, फक्त फुगते. साधं पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट धरते. लघवीत क्षार असल्यामुळे तिथे हा आकडा ३० ते ५० पटींपर्यंत खाली येतो. इतक्या मोठ्या जाळीचा रेणू धडधाकट कातडीतून आत शिरूच शकत नाही. डायपर फाटून जेलचे मणी अंगाला चिकटले तर पाण्याने धुऊन टाकायचे, घाबरायचं कारण नाही. खरा धोका वेगळाच आहे आणि संदेशात त्याचा पत्ता नाही. विस्मरणाचा आजार असलेली माणसं कधीकधी डायपर फाडून आतलं तोंडात घालतात. ती जेल घशात फुगली तर श्वास अडकू शकतो. अशा पेशंटच्या हाताला डायपर किंवा त्याचे तुकडे लागणार नाहीत, एवढं मात्र डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं.

भीतीचं मूळ बहुधा १९८० सालच्या अमेरिकेतल्या घटनांमध्ये आहे. तिथे अतिशोषक टॅम्पॉन (पाळीत योनीमार्गात ठेवायचे बोळे) वापरणाऱ्या स्त्रियांना टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जीवघेणा आजार झाल्याची प्रकरणं समोर आली. तो आजार स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे होतो आणि टॅम्पॉन शरीराच्या आत तासन्‌तास राहत होते. डायपर शरीराबाहेर असतो, त्याची गोष्ट निराळी. डायऑक्सिन या विषारी रसायनाचं भयही असंच जुनं आहे. लाकडाचा लगदा क्लोरीन वायूने पांढरा करताना डायऑक्सिन तयार होत असे. १९९०च्या दशकापासून बहुतेक कारखाने ती पद्धत सोडत गेले.

या दाव्यातला खरा भाग छोटा आहे. काहींच्या कातडीला डायपरमधला सुगंध, रंग, गोंद किंवा इलॅस्टिक सोसत नाही. चिकटपट्टी किंवा इलॅस्टिक टेकतं नेमकं तिथेच लाल पट्टा उठत असेल, तर हीच शंका घ्यावी. अशा माणसाला साध्या सुती कापडाने खरोखर आराम पडू शकतो.

‘कापड वापरलं की पुरळ कधीच उठत नाही’

संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे.

निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५. लघवी अंगाला लागून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियापासून अमोनिया बनवतात आणि पीएच वर चढतो. कातडीचं संरक्षण तिथेच ढिलं पडतं. त्यात पातळ शौचाची भर पडली, की शौचातली प्रथिनं आणि चरबी तोडणारी एन्झाइम या वाढलेल्या पीएचमध्ये आणखी जोमाने काम करतात, आणि काम करतात ते कातडीवर. भिजून मऊ पडलेली कातडी कापडावर थोडी घासली तरी सोलवटते. उबेला आणि ओलीला कॅन्डिडा बुरशी टपलेलीच असते: मध्यभागी लालभडक चट्टा आणि कडेने सुटे ठिपके दिसले, तर नुसत्या क्रीमने भागत नाही, डॉक्टरांना दाखवून बुरशीवरचं औषध घ्यावं लागतं.

या साखळीत कापड किंवा प्लास्टिक हा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा, की ओल कातडीला किती वेळ लागून राहते. साधं सुती कापड ओल शोषतं, पण कोंडून ठेवत नाही. माणूस त्यावर बसला की ओल पुन्हा वर येते. चांगल्या डिस्पोजेबलमध्ये, म्हणजे एकदा वापरून फेकायच्या डायपरमध्ये, जेल ती धरून ठेवते, त्यामुळे वरचा थर बऱ्यापैकी कोरडा राहतो. याचा अर्थ तोही दिवसभर ठेवावा असा नाही. कापड मात्र प्रत्येक वेळी ओलं झालं की लगेच बदलावं लागतं, रात्रीसुद्धा. रात्री दोनदा उठून पेशंटला कुशीवर वळवणं, पुसणं, नवं बांधणं हे ज्या घरात शक्य नाही, तिथे रात्री नुसत्या कापडाचा हट्ट धरणं म्हणजे पुरळाला आमंत्रण.

जुन्या पद्धतीत आणखी एक गडबड होते. गळू नये म्हणून कापडाच्या चार घड्या, त्यावर रबरी चड्डी, खाली मेणकापड, त्यावर पुन्हा चादर. रबराने उष्णता कोंडते, घड्यांच्या कडा माकडहाडावर रुततात, आणि हवेची गादी असेल तर एवढ्या थरांमुळे तिचा उपयोगच कमी होतो. बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळायचे असतील तर अंगाखाली शक्य तितके कमी थर ठेवावेत, असं शुश्रूषेत आवर्जून शिकवतात.

आजच्या चांगल्या धुण्याजोग्या उत्पादनांची रचना या घड्यांपेक्षा फार पुढे गेलेली आहे. कातडीकडे ओल पटकन आत ओढणारा थर, मध्ये शोषणारा गाभा, बाहेर पाणी न जाणारं पण हवा थोडी खेळू देणारं अस्तर. खोकताना, शिंकताना थेंब निसटणं, पुरुषांना लघवी झाल्यावर मागाहून थोडं गळणं, शौचालयात पोचेपर्यंत थोडं सुटणं, अशा हलक्या गळतीला ही चड्डी फार छान चालते. ती आवाज करत नाही, कपड्यांतून दिसत नाही, आणि घालणाऱ्याला आपण नेहमीचीच चड्डी घातली आहे असं वाटतं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फक्त या चड्डीच्या जागी पाळीचं कापडी पॅड वापरू नये. पाळीचा स्राव सावकाश येतो, लघवी एका झटक्यात येते आणि कडेने वाहून जाते.

‘जुन्या काळी सगळे कापडच वापरत’

वापरत, कारण दुसरं काही नव्हतं. त्या काळी किती जणांना पुरळ उठलं, किती जणांना बेडसोअर झाले, याची कुणी नोंद ठेवली नाही. ते कापड रोज कुणी धुतलं याचीही नाही. बहुतेक घरांत ते काम एका बाईच्या वाट्याला आलं आणि तिचे कष्ट मोजले गेले नाहीत.

‘कापडाने पर्यावरण वाचतं’

वाचू शकतं, पण ते धुण्यावर ठरतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने बाळांच्या लंगोटांचा अभ्यास करून २००८ साली अहवाल काढला. अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब असा निघाला: डिस्पोजेबलमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडामुळे सुमारे ५७०. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोने खाली आला. उलट खूप गरम पाणी आणि ड्रायर वापरला तर कापडच मागे पडलं. हे आकडे बाळांचे आहेत, मोठ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र तीच राहील. कचऱ्याच्या बाबतीत कापड निर्विवाद पुढे आहे. ज्यांच्याकडे ऊन आणि दोरी आहे, त्यांच्या बाबतीत संदेशाचं हे वाक्य बरंचसं खरं ठरतं.

‘खर्च शून्य’

कापड दीर्घकाळात स्वस्त पडू शकतं, हे मान्य. शून्य मात्र नाही. पाणी, वीज, साबण यांचा खर्च आहेच, आणि त्याहून मोठा खर्च माणसाच्या वेळेचा. मोठा माणूस दिवसाला साधारण ८०० ते २००० मिलिलिटर लघवी करतो. हे सगळं कापडात गेलं तर ते जड, ओलं धुणं रोजचं झालं. पावसाळी हवेत जाड गाभा वाळायला दीड-दोन दिवस सहज जातात, म्हणून वापरातले, धुण्यातले आणि वाळत घातलेले असे तीन संच लागतात.

धुण्याची रीत चुकली तर चांगलं कापडही निकामी होतं. शौच आधी शौचालयात झटकावं. लेबलवर परवानगी असेल तर ६० अंश सेल्सिअसला धुवावं. त्याहून गरम पाण्याने बाहेरचं अस्तर सुटू शकतं. फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, कारण तो धाग्यांवर थर चढवतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. झिंक ऑक्साइडचं किंवा व्हॅसलीनसारखं क्रीम जाड थापलं तरी तेच होतं, म्हणून ते पातळ लावावं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावं, राहिलेला साबणही पुरळ उठवतो.

आणि एक कळकळीची विनंती: लघवीने भिजलेल्या कापडावर थेट ब्लीच ओतू नका. ब्लीच आणि लघवीतला अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनच्या वाफा निघतात, त्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतात. बंद न्हाणीघरात तर अजिबात नको.

‘डायपरने मूत्राशय आळशी होतो, पाणी कमी द्या’

चालता येणाऱ्या, थोडा आधार दिला तर शौचालयात जाऊ शकणाऱ्या माणसाला सोयीसाठी डायपर बांधून ठेवला, तर तो खरंच परावलंबी होतो. रुग्णालयात भरती झालेल्या वृद्धांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. पण तिथे कापड बांधलं असतं तरी तेच झालं असतं. दोष माणसाला वेळेवर न उठवण्याचा आहे.

गळती हे लक्षण आहे, तिच्यामागचं कारण शोधावं लागतं: मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, लघवी वाढवणारी औषधं, प्रोस्टेट, ओटीपोटाच्या तळाचे सैल पडलेले स्नायू. या स्नायूंचे व्यायाम आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडले आणि आजही खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय तोच आहे. एका वेळी किमान ८ आकुंचनं (स्नायू आवळून सोडणं), दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. दोन आठवडे करून सोडून देणाऱ्यांना गुण येत नाही आणि मग ते व्यायामालाच बोल लावतात.

पाणी तोडण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, मूत्राशयाला आणखी चेतवते, बद्धकोष्ठ वाढतं, संसर्गाची शक्यता वाढते. डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. एरवी दिवसभर पुरेसं द्यावं, फक्त झोपण्याआधीचे दोन तास आवरतं घ्यावं. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, पोट फुगलेलं असून थेंब थेंबच गळत असेल, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांमध्ये बधिरपणा येऊन अचानक ताबा गेला, तर कापड की डायपर हा प्रश्न बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावं.

‘आजच फेकून द्या’

फेकू नका. आधी घालणाऱ्याला विचारा, त्याला काय बरं वाटतं. बोलता येत नसेल तर त्याची कातडी सांगेल. एकाच मापाच्या दोन-तीन वेगवेगळ्या चड्ड्या आणून दिवसा, घरी असताना वापरून पाहा. मांडीच्या कडेला गळतं का, बदलताना कातडी ओली लागते का, हे रोज बघा. निभलं तर अंडरपॅडही कापडी करा. रात्र सगळ्यात शेवटी घ्या, आणि जमली नाही तर रात्री डिस्पोजेबल चालू ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. २००८ साली ब्रिटनमध्येच मोठ्यांच्या या उत्पादनांची मोठी तुलना झाली होती. त्यातही सगळ्यांना सगळ्या वेळी चालेल असा एकच प्रकार सापडला नाही. दिवसा एक, रात्री दुसरा, बाहेर जाताना तिसरा, अशी सरमिसळच लोकांच्या उपयोगी पडली.

जुलाब लागले की मात्र कापड बाजूला ठेवा. पातळ शौचाने कातडी काही तासांत जळते. शिवाय क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जिवाणूचे बीजाणू घरच्या साध्या धुण्याने मरत नाहीत आणि धुणाऱ्याच्या हातांवरून घरभर जाऊ शकतात. जुलाब थांबून कातडी पूर्ववत होईपर्यंत डिस्पोजेबलच वापरा. बदलताना हातमोजे घाला आणि नंतर साबण-पाण्याने हात धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका. त्या बीजाणूंवर तो चालत नाही.